ख्रिस्ती श्रद्धेत आत्म्याचा न्याय केव्हा होतो, आणि तेरवी का नसते?

पांदणवाट (धागालेखक)

गावात ख्रिस्ती घरी कुणी गेलं की दोन प्रश्न हमखास येतात. तेरवी कधी, आणि तुमच्यात आत्मा जातो कुठं? पहिला प्रश्न 'आमच्यात नसते' एवढ्यावर मिटतो. दुसऱ्याचं उत्तर मात्र फादर एक देतात, पास्टर दुसरं, आणि शनिवारी भक्ती करणारे तिसरंच. इथं माहीतगार मंडळी आहेत म्हणून धागा काढला. 'ख्रिस्ती असं मानतात' असं सरसकट लिहू नका. कोणतं चर्च, कशाच्या आधारे, आणि मयतीच्या दिवशी त्यानं प्रत्यक्ष काय फरक पडतो, ते लिहा. धर्मांतराचा वाद इथं नको.

जपमाळ

कॅथलिक बाजू लिहितो. आमच्याकडे न्याय दोनदा होतो, आणि अर्धा गोंधळ हे माहीत नसल्यानं होतो.

पहिला व्यक्तिगत न्याय. प्राण गेला त्याच क्षणी, एकट्याचा. निकाल तीनच: थेट स्वर्ग, शुद्धी होऊन स्वर्ग, किंवा नरक. हे 'त्याच क्षणी' सहज ठरलेलं नाही. पोप बाविसावे जॉन यांनी प्रवचनांतून असं मत मांडलं होतं की पुण्यवंतांनाही देवाचं पूर्ण दर्शन शेवटच्या दिवसानंतरच होईल. त्यावर मोठा गदारोळ झाला. मरणाआधी त्यांनी ते मत मागं घेतलं, आणि पुढचे पोप बारावे बेनेडिक्ट यांनी १३३६ साली निर्णय दिला की शुद्ध आत्म्याला थांबावं लागत नाही.

दुसरा सार्वत्रिक न्याय. ख्रिस्त परत येईल, मेलेले देहासह उठतील, सगळ्यांचा न्याय सगळ्यांसमोर होईल. पहिला निकाल इथं बदलत नाही. मग पुन्हा कशाला? मध्ययुगातले कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस यांचं उत्तर मला सगळ्यात पटणारं वाटतं: माणूस मेला तरी त्याच्या कर्माचे परिणाम चालूच राहतात, म्हणून पूर्ण हिशेब सगळं संपल्यावरच लागू शकतो. कुणी पांदण (शेताकडची गाडीवाट) नांगरून आपल्या वावरात घेतली, तर पुढच्या दोन पिढ्या बैलगाडी लांबून नेतात. तो सगळा फेरा शेवटच्या दिवशी समोर येणार.

आता पर्गेटरी, म्हणजे शुद्धिस्थान. ही दुसरी संधी नाही. तिथं असलेला प्रत्येकजण तरलेलाच आहे, तिथून नरकात कुणी जात नाही. क्षमा झालेल्या पापाचे उरलेले व्रण तिथं भरून निघतात. फ्लॉरेन्सच्या परिषदेत (१४३९) आणि ट्रेंटच्या परिषदेत (१५६३) हे अधिकृतपणे मांडलं गेलं. ट्रेंटनं त्याच ठरावात प्रवचनकारांना बजावलं की साध्या लोकांपुढं यातले किचकट तर्क काढू नका, आणि यातून पैसा कमावायचे प्रकार बंद करा. ते वाक्य लोक विसरतात.

या आत्म्यांसाठी जिवंत माणूस मदत करू शकतो, हा कॅथलिक विश्वासाचा कणा आहे. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), प्रार्थना, दानधर्म आणि दंडमुक्ती (क्षमा झालेल्या पापाची उरलेली शिक्षा माफ होणं) असे त्याचे मार्ग. व्यवहारात:

मिस्सासाठी पॅरिशच्या (स्थानिक चर्चच्या) कार्यालयात मृताचं नाव आणि तारीख लिहून द्यायची. दानाची रक्कम त्या प्रांताचे बिशप ठरवतात, फादर मनानं वाढवू शकत नाहीत. ऐपत नसेल तर दान न घेताही मिस्सा अर्पण करावी, असं चर्चचा कायदाच सुचवतो, तेव्हा संकोच नको. ग्रेगोरियन मिस्सा हव्या असतील तर त्या एकाच मृतासाठी सलग ३० दिवस असतात. एकटा फादर आठ-दहा गावं सांभाळत असेल तर त्याला हे जमत नाही, म्हणून मोठ्या मठात किंवा सेमिनरीत (फादर घडवणाऱ्या संस्थेत) विचारावं.

१ ते ८ नोव्हेंबर या दिवसांत कब्रस्तानात जाऊन मृतांसाठी प्रार्थना केली की पूर्ण दंडमुक्ती मिळते, पण ती मृतालाच लागू होते, स्वतःला नाही. अटी अशा: पापनिवेदन (फादरपुढं पापांची कबुली), ख्रिस्तप्रसाद (मिस्सामधली पवित्र भाकर), पोपच्या हेतूंसाठी प्रार्थना, आणि कुठल्याही पापाची ओढ मनात नसणं. दिवसाला एकच. शेवटच्या अटीवर बहुतेकांचं गाडं अडतं, मग ती दंडमुक्ती पूर्ण न राहता अंशतः होते. मेणबत्त्यांच्या संख्येवर काही अवलंबून नाही.

मंडळीतला

प्रोटेस्टंट बाजू. आधी आपल्याकडे कोण कुठं आहे ते सांगतो, कारण शिकवण त्यावर ठरते. नागपुरात स्टीफन हिस्लॉप यांनी १८४० च्या दशकात काम सुरू केलं ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचं, म्हणजे प्रेस्बिटेरियन (बिशप नसलेली प्रोटेस्टंट शाखा). चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरातच स्थापन झालं, त्यात अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चची) आणि प्रेस्बिटेरियन दोन्ही धारा आल्या. अकोला, अमरावती, बुलडाणा पट्ट्यात अलायन्स मिशनच्या मंडळ्या, यवतमाळ-उमरीकडे फ्री मेथडिस्ट.

या सगळ्यांत एका गोष्टीवर एकमत आहे. मरणानंतर जागा दोनच. प्रेस्बिटेरियनांच्या वेस्टमिन्स्टर विश्वासपत्रात (१६४६) स्पष्ट आहे की नीतिमानांचे आत्मे लगेच देवाजवळ जातात, दुष्टांचे नरकात, आणि तिसरी जागा शास्त्र सांगत नाही. अँग्लिकनांच्या ३९ कलमांपैकी २२ वं कलम पर्गेटरी सरळ नाकारतं. मेलेल्यांसाठीच्या प्रार्थनेला कॅथलिक आधार देतात तो दुसऱ्या मक्काबी पुस्तकाच्या १२ व्या अध्यायाचा. आमच्या ६६ पुस्तकांच्या बायबलात ते पुस्तकच नाही, म्हणून हा वाद वचनं फेकून सुटत नाही.

कर्मांचं काय? मत्तय २५ मध्ये मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातात, ती भुकेल्याला अन्न, तान्हेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस यांवरून. हे वाचून लोक म्हणतात, मग तारण कर्मानंच की! आमचं उत्तर: तारण विश्वासानं, कर्मं त्याचा पुरावा. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात पौल सांगतो की पाया ख्रिस्त, त्यावर कुणी सोनं-रुपं-रत्नं बांधतो, कुणी लाकूड-गवत-पेंढा. अग्नीनं काम पारखलं जाईल. पेंढा जळेल, माणूस वाचेल. कॅथलिक या अग्नीत पर्गेटरी बघतात, आम्ही प्रतिफळाची पारख.

अलायन्सवाल्यांकडे आणखी एक फाटा आहे. ख्रिस्त हजार वर्षांच्या राज्याच्या आधी येईल असं ते मानतात (प्रकटीकरण २०). त्यामुळे तिथल्या प्रवचनात बऱ्याचदा दोन न्यायासनं ऐकू येतात: विश्वासणाऱ्यांच्या प्रतिफळासाठी ख्रिस्ताचं न्यायासन, आणि हजार वर्षांनंतर बाकीच्यांसाठी मोठं पांढरं राजासन. तिथं पुस्तकं उघडतात, आणि जीवनाच्या पुस्तकात नाव नसलेला अग्नीच्या सरोवरात टाकला जातो. त्याच ठिकाणी मरण आणि अधोलोकही त्या सरोवरात टाकले जातात. म्हणजे अधोलोक ही मधली कोठडी, शेवटची शिक्षा नव्हे. फ्लॅनेलच्या कापडावर चित्रं चिकटवून शिकवणारे हे दोन्ही एकच करून टाकतात.

कोरडवाहू

थे समजलं भाऊ. पण मंग काही ख्रिस्ती घरीबी तेराव्या दिवशी जेवण काहून होते? अन् आत्मा तेरा दिवस घराभोवती राह्यते का नाही, थे सांगा.

मंडळीतला

राहत नाही. लूक १६ मध्ये श्रीमंत माणूस आणि लाजर यांच्यामधली दरी ओलांडता येत नाही, आणि श्रीमंताला भावांकडे निरोपसुद्धा पाठवता येत नाही. म्हणून पिंड नाही, कावळ्याची वाट पाहणं नाही, मृताच्या नावानं मांत्रिकाकडे जाणं तर अनुवाद १८ मध्ये साफ निषिद्ध.

जेवण ही सोयरिकीची बाब आहे. नातलग हिंदू, बौद्ध, सगळेच असतात, ते येणार, त्यांना जेवू घालणं यात पाप नाही. पास्टर एवढंच बघतात की ते जेवण मृताच्या गतीसाठी आहे असा अर्थ निघू नये. त्यासाठी बऱ्याच मंडळ्या तेरावा दिवस टाळून जवळचा रविवार धरतात आणि त्याला स्मरणभक्ती म्हणतात. प्रार्थनेत मृतासाठी मागणं नसतं. त्याच्या आयुष्याबद्दल आभार आणि घरच्यांसाठी सांत्वन, एवढंच. गडबड होते ती चौकातल्या फ्लेक्सवर. छपाईवाला सवयीनं 'आत्म्यास शांती लाभो' टाकतो. मजकूर आधीच लिहून द्या: 'प्रभूमध्ये विसावले', नाव, जन्म आणि मृत्यूच्या तारखा, भक्तीची वेळ.

जपमाळ

आणि कॅथलिक घरी तोच फ्लेक्स चालतो, कारण आम्ही चिरशांती मागतोच. एकाच गल्लीत दोन ख्रिस्ती घरं असली की गावकरी चक्रावतात ते यामुळेच.

सातवा_दिवस

शनिवारी भक्ती करणाऱ्या आमच्या ॲडव्हेंटिस्ट चर्चची शिकवण वर कुणी मांडली नाही. आत्मा ही देहाबाहेर जाणारी वेगळी वस्तू आहे, हेच आम्ही मानत नाही. माती आणि जीवनाचा श्वास मिळून माणूस जिवंत प्राणी होतो (उत्पत्ती २:७), श्वास गेला की माणूस संपूर्ण निजतो. मेलेल्यांना काहीच कळत नाही, हे उपदेशक ९:५ वरून. त्यामुळे 'तो वरून बघतोय' हे वाक्य आमच्या मयतीत म्हणत नाहीत.

न्यायाचे टप्पे: १८४४ पासून स्वर्गीय पवित्रस्थानात तपासणीचा न्याय सुरू आहे, ही मोजणी दानीएल ८:१४ मधल्या २३०० दिवसांना २३०० वर्षं धरून केलेली. मग येशूचं येणं, नीतिमान मेलेल्यांचं उठणं, स्वर्गातली हजार वर्षं. त्या काळात तारलेले स्वतः नोंदी तपासतात आणि देवाचा न्याय योग्य होता याची खात्री करून घेतात. शेवटी दुष्ट उठतात आणि नष्ट होतात. अनंतकाळ जळत राहणारा नरक नाही.

सात्विक_शंका

तपासणी १८४४ पासून, आणि त्याआधी मेलेल्यांची फाईल पेंडिंग? हे काही पचत नाही.

सातवा_दिवस

निजलेल्याला काळ जाणवत नाही. हाबेल असो की काल गेलेला माणूस, डोळा मिटला आणि पुढचा क्षण पुनरुत्थानाचा. बाकी १८४४ वर इतर प्रोटेस्टंटांचा आक्षेप जुना आहे आणि तो इथं सुटणार नाही.

बल्लारशा_पॅसेंजर

चंद्रपूर-गडचिरोलीची भर. इकडचे बरेच फादर सिरो-मलबार (केरळच्या कॅथलिक) परंपरेचे, चांदा धर्मप्रांताचं मुख्य ठाणं बल्लारपूरला. पोपशी एकनिष्ठ, म्हणून वर जपमाळ यांनी लिहिलेली शिकवण लागू, पण उपासना सिरियाक (पूर्वेच्या जुन्या ख्रिस्ती) वळणाची. तिथं मृतांचं स्मरण ७ व्या आणि ४१ व्या दिवशी करायची चाल आहे, आणि सर्व मृतांचा पारंपरिक दिवस मोठ्या (ईस्टरपूर्वीच्या) उपवासकाळाच्या आधीचा शुक्रवार. नागपूरच्या लॅटिन (रोमच्या रीतीच्या) पॅरिशमधून आलेला पाहुणा 'हे तर २ नोव्हेंबरला असतं' म्हणून वाद घालतो. दोन्ही बरोबर आहेत.

मुरूम

सगळे आत्म्याबद्दल लिहितात, देहाचं कुणी लिहीत नाही. पुनरुत्थान देहाचं आहे, म्हणून पुरणं आलं, आणि पुरणं आलं की आपली काळी माती आली.

कबर साधारण साडेसहा ते सात फूट लांब, अडीच-तीन फूट रुंद, पाच-सहा फूट खोल. जुनी रीत म्हणजे पाय पूर्वेला, येणाऱ्या ख्रिस्ताकडे तोंड करून उठता यावं म्हणून (मत्तय २४:२७ मधली पूर्वेकडून चमकणारी वीज). नियम नाही. कब्रस्तान आडवं असेल तर रांगेप्रमाणे घ्या, त्यानं न्यायात काही फरक पडत नाही.

पावसाळ्यात काळी माती पाणी पिऊन फुगते आणि खड्ड्याच्या कडा ढासळतात. आदल्या रात्री खोदून ठेवू नका, सकाळी खोदा. उकरलेली माती कडेपासून निदान दोन फूट लांब टाका, नाहीतर तिच्याच वजनानं कड बसते. चार फुटांखाली लाकडी फळ्यांचा आधार दिल्याशिवाय माणूस उतरवू नका. मुरूम लागला तर काम सोपं. सतत पाणी लागत असेल तर उंच कोपरा निवडा, विहिरीजवळ तर मुळीच नको.

भरताना थर देऊन दाबत भरा, वर फूट-दीड फूट उंचवटा ठेवा, कारण तो बसणारच. आणि पक्का ओटा, संगमरवर, जे काही बांधायचं ते एक पावसाळा गेल्यावर. घाईनं बांधलेला ओटा पहिल्या जून-जुलैत तिरपा होतो आणि उन्हाळ्यात भेगाळतो. तोवर लाकडी क्रूस पुरे. वर्षश्राद्धाच्या सवयीनं लोक वर्ष पुरं व्हायच्या आत काम उरकायला बघतात, त्यात पैसे वाया जातात.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत. चर्चच्या रजिस्टरमधली नोंद वेगळी, ती एकमेकींच्या जागी चालत नाही.

कोरडवाहू

आता अवघड प्रश्न. आपल्याकडं शेतकरी आत्महत्या करतात. तसा माणूस नरकातच जाते, त्याला कब्रस्तानात जागा नाही, असं म्हणणारे आहेत. खरं काय?

जपमाळ

१९१७ च्या कॅथलिक कायद्यात जाणूनबुजून जीव देणाऱ्याला चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता. १९८३ च्या कायद्यातून ती तरतूद गेली. आजची अधिकृत शिकवण अशी: कृत्य गंभीर पापच आहे, पण तीव्र मानसिक त्रास, भीती, यातना यांनी माणसाची जबाबदारी कमी होते. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये, चर्च त्याच्यासाठी प्रार्थना करतं. तेव्हा मिस्सा होते, कब्रस्तानात जागा मिळते. जुना नियम सांगून कुणी अडवत असेल तर पॅरिशच्या फादरना बोलवा, तिथंच न जमल्यास बिशपांच्या कार्यालयात.

मंडळीतला

आमच्याकडेही गैरसमज तोच, कारण वेगळं. लोक म्हणतात, पश्चात्ताप करायला वेळ मिळाला नाही. पण तारण शेवटच्या श्वासातल्या कबुलीवर टांगलेलं नसतं, नाहीतर झोपेत हृदय बंद पडलेला प्रत्येकजण गेला म्हणायचा. क्षमा न होणारं पाप म्हणून येशूनं सांगितलं ते पवित्र आत्म्याची निंदा (मार्क ३:२९). रोमकरांस पत्राच्या ८ व्या अध्यायात देवाच्या प्रीतीपासून वेगळं करू न शकणाऱ्या गोष्टींत मरणही मोजलेलं आहे.

मयतीत बोलणाऱ्यानं दोन टोकं टाळावीत. 'तो नरकात गेला' म्हणायचा अधिकार कुणाला नाही. 'सुटला बिचारा, आता सुखात आहे' हेही म्हणू नये, कारण समोर बसलेल्यांत त्याच कर्जाचा दुसरा माणूस असतो. पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनात वेळ जातो, तोवर घरात कुणीतरी थांबावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा नंबर भिंतीवर लिहून ठेवा.

सात्विक_शंका

आणि ज्यांनी येशूचं नावच ऐकलं नाही ते? पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसाचे आजे-पणजे सगळे नरकात?

जपमाळ

कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये मांडलं की स्वतःची चूक नसताना ज्यांना सुवार्ता माहीत नाही, पण जे प्रामाणिकपणे देवाला शोधतात आणि विवेकबुद्धीप्रमाणे वागतात, त्यांनाही तारण मिळू शकतं. मिळू शकतं, मिळतंच असं नाही. बाप्तिस्म्याविना गेलेल्या तान्ह्या बाळांबद्दल पूर्वी लिंबोची (स्वर्ग आणि नरकाच्या कडेच्या वेगळ्या जागेची) कल्पना चालायची, ती कधीच बंधनकारक शिकवण नव्हती. व्हॅटिकनच्या ईशज्ञान आयोगानं २००७ मध्ये लिहिलं की त्या बाळांच्या तारणाची आशा धरायला भक्कम कारणं आहेत. बाळ अत्यवस्थ असेल आणि फादर लांब असतील तर नर्स, आजी, कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं: डोक्यावर पाणी ओतत 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देतो'. नंतर पॅरिशमध्ये कळवायचं.

मंडळीतला

आमच्यात यावर एकवाक्यता नाही. काहीजण ठाम म्हणतात, ख्रिस्तावरच्या विश्वासाशिवाय तारण नाही. काहीजण रोमकरांस २:१४-१६ दाखवतात, जिथं नियमशास्त्र नसलेल्यांची विवेकबुद्धी साक्ष देते. बाळांच्या बाबतीत मात्र बहुतेक पास्टर २ शमुवेल १२:२३ वाचतात: दावीद मेलेल्या बाळाबद्दल म्हणतो, मी त्याच्याकडे जाईन.

पांदणवाट (धागालेखक)

एक राहिलं. कब्रस्तानाला जागा नाही, ई-क्लास म्हणजे सरकारी जमिनीतली मागणी वर्षानुवर्षं पडून, म्हणून दहन केलं तर? आणि रक्षा वर्धा नदीत?

जपमाळ

दहनाला कॅथलिकांना १९६३ पासून परवानगी आहे, फक्त पुनरुत्थान नाकारण्यासाठी केलेलं नसावं. शक्यतो मिस्सा दहनाआधी, देह समोर असताना. रक्षेबद्दल व्हॅटिकनची २०१६ ची सूचना कडक आहे: नदीत, हवेत, जमिनीवर विखुरायची नाही, वाटून घ्यायची नाही, साधारणपणे घरातही ठेवायची नाही. पवित्र जागी पुरायची. म्हणजे कौंडण्यपूरच्या घाटावर विसर्जन नाही. झाकण घट्ट बसणारं मडकं किंवा डबा, दोन-अडीच फूट खड्डा, वर नावाची पाटी. २०२३ मध्ये थोडी सूट आली, अनेकांची रक्षा एका सामाईक पवित्र जागी ठेवता येते, प्रत्येकाचं नाव लिहिलेलं असेल तर. जागेची अडचण असलेल्या गावांनी बिशपांकडे हीच मागणी लावावी.

मुरूम

मडक्याला काळ्या मातीत खाली चार बोटं रेतीचा थर द्या, नाहीतर माती फुगून ते तडकतं.